मिठाचा चहा

गव्हाणकर मॅडमनी कप खाली ठेवला आणि आंबेखोल गावची दोनशे दहा माणसं घरं सोडून देवळासमोरच्या मैदानात जाऊन उभी राहिली.

त्यांच्या डोक्यावरचा डोंगर मात्र जागचा हलला नाही. दुपारी सगळे घरी परतले. सरपंच आक्कांनी दरडसूचना केंद्राला फोन करून एवढंच विचारलं, "भाकऱ्या करपल्या आमच्या. काय झालं होतं?"

काय झालं होतं, ते केंद्रातही कुणाला सांगता येईना. डोंगराच्या पोटात पुरलेले चाळीस कंपनश्रोते, म्हणजे बारीक थरथर टिपणारी यंत्रं, रात्रंदिवस ऐकत असत आणि निरीक्षण कक्षातल्या पडद्यावर त्यांच्या कंपनरेषा उमटत. भोंग्याचं बटण हर्षदा धुमाळच्या हाताशी होतं. तिने ते दाबलं होतं, पण का, असं विचारल्यावर ती खाली बघे.

सुनीती गव्हाणकर या कक्षाच्या प्रमुख. सव्वीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसत होत्या आणि ती खुर्ची त्यांना जिवापाड आवडत होती. आता आपली नजर बोथट झाली, त्याची लागण पोरांना झाली, या शंकेने त्यांची झोप उडाली. शेवटी त्यांनीच मेंदूशास्त्रज्ञ डॉ. फिरोज मुजावर यांना बोलावून घेतलं.

मुजावरांनी सोबत नवलमापक आणला होता. कानामागे चिकटवायची बटणाएवढी चकती.

"डोळ्यांनी बघायच्या आधीच मेंदू अंदाज बांधून मोकळा होतो," ते म्हणाले. "अंदाज चुकला की मेंदूत बारीकसा दचका बसतो. माणूस शिकतो तो त्या दचक्यातून. फार सरावलेल्याला दचकाच बसत नाही. तो समोरचं बघत नसतो, स्वतःचा अंदाज बघत असतो."

"जिना संपला तरी आपण आणखी एक पायरी उतरायला जातो आणि पोटात धस्स होतं, तसं?" मॅडमनी विचारलं.

"अगदी तसं. ते धस्स आम्ही मोजतो. त्याचा नवलांक काढतो."

मॅडमनी तिथल्या तिथे नियम करून टाकला. ज्याचा नवलांक दहाच्या खाली जाईल, त्याने कक्ष सोडायचा. "पहिली मीच जाणार बहुतेक," त्या हसून म्हणाल्या. हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

महिनाभर सगळ्यांच्या कानामागे चकत्या होत्या. मग मुजावर आकडे घेऊन आले. मॅडमचा नवलांक एकसष्ट, कक्षात सर्वांत जास्त! मॅडमनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

मुजावर हसले नाहीत. "हर्षदाचा चार. बाकीच्यांचे तीन, पाच, चार."

"अरे देवा! मग या पोरांना हलवायचं?"

"थांबा. मध्ये चार दिवस तुम्ही भाचीच्या लग्नाला चिपळूणला गेला होतात. त्या चार दिवसांत हर्षदाचा बावन्न होता. परत आलात आणि पुन्हा चार. तुम्ही खोलीत असलात की ही मुलं अंदाजच बांधत नाहीत. ज्याने अंदाज बांधला नाही, त्याचा चुकणार कसा?"

"मग ती बघतात तरी काय?"

पडद्यासमोर बसलेल्या हर्षदाचा चेहरा लालबुंद झाला. "तुमचा कप, मॅडम."

"माझा कप?"

"तुम्हाला काही वेगळं दिसलं की तुम्ही चहाचा कप खाली ठेवता. हातात असेल तर सगळं ठीक. नवीन माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो."

मॅडमना तो दिवस आठवला. कक्षात चहा करणाऱ्या शांतारामने चहात साखरेच्या जागी मीठ घातलं होतं. पहिल्याच घोटाला त्यांनी कप ठेवून दिला होता. त्या खो खो हसत सुटल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"मी चहा सोडते," त्या म्हणाल्या.

"मग ती तुमच्या भुवया बघतील," मुजावर म्हणाले.

कामाचा कंटाळा आला की निघायचं, असं मॅडमनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. कंटाळा आला नव्हता आणि येणारही नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं. तरी महिनाअखेरीस त्यांनी खुर्ची सोडली. निरोपाच्या दिवशी त्या म्हणाल्या, "या डोंगराने मला रोज काहीतरी नवं दिलं, तुम्ही माणसांनी जीव लावला. पण सगळ्यात जास्त आभार शांतारामचे, त्या मिठाच्या चहाबद्दल." शांताराम लाजून आत पळाला.

मॅडम आंबेखोललाच राहायला गेल्या. डोंगराला गेलेल्या भेगा कशा ओळखायच्या, ते शाळेतल्या मुलांना शिकवू लागल्या.

श्रावणातल्या एका रविवारी, दुपारी चारला, त्या शाळेच्या ओसरीवर सरपंच आक्कांबरोबर चहा घेत होत्या. सवयीने त्यांनी मोबाइलवर कंपनरेषा बघितल्या. "शांत आहे. पाणी मुरून गेलं," त्या आक्कांना म्हणाल्या.

तेवढ्यात भोंगा वाजला.

मॅडम अशा दचकल्या की चहा साडीवर सांडला. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. काहीच नव्हतं.

"परत मीठ पडलं का काय कुणाच्या चहात?" आक्का म्हणाल्या.

"नाही. तो कप आता तिथे नाही," मॅडम म्हणाल्या. "उठा, आक्का. चला."

अकरा मिनिटांनी डोंगराचा एक लचका सुटला आणि शाळा गाडली गेली. ओसरीचा पत्ताही उरला नाही. मैदानात दोनशे बारा माणसं मोजली गेली, मॅडम आणि एक पाहुणा धरून.

मॅडमनी हर्षदाला फोन लावला. "काय दिसलं गं तुला? मला काही म्हणजे काही दिसलं नाही."

"मुरणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला, मॅडम. वर पाऊस चालूच होता, मग तो थांबायला नको होता. पोटात धस्स झालं."

आवाज थांबला की डोंगर निवांत, असं मॅडम सव्वीस वर्षं मानत आल्या होत्या. आज त्या खुर्चीत असत्या, तर कप हातातच राहिला असता.

"मॅडम? तुम्ही ठीक आहात ना?"

"आहे, तुझ्यामुळे. उद्या मी केंद्रात येते. तो आवाज थांबतो कसा, ते मला शिकव," मॅडम म्हणाल्या. "पण मी तुझ्या पाठीमागे बसेन."