बसायची फळी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीबरोबर घडलंय, आणि मी समोर उभी राहून पाहिलंय.

रात्रही नव्हती. १९५८ चा डिसेंबर, फ्रान्समधलं लियों शहर, नाताळच्या आधीची भर दुपार. व्हेर्ने बंधूंचं चार मजली दुकान गिऱ्हाइकांनी फुललं होतं.

दुकान कसलं, राजवाडाच. वर काचेचा घुमट. गिऱ्हाइकांना संगमरवरी जिना, आणि आम्हा विक्रेत्या मुलींना भिंतीआडचा अंधारा बोळ. घुमटाखाली गोल सज्जा होता. थोरल्या व्हेर्नेंनी तो मुद्दाम बांधून घेतलेला. तिथून प्रत्येक काउंटर दिसायचा, आणि साहेब लोक तिथे उभे राहून आमच्यावर नजर ठेवायचे.

काउंटरमागे एकेक दुमडती फळी होती. मुलींना बसायला काहीतरी द्या, असा सरकारी कायदा. म्हणून फळ्या लावल्या.

जी बसली, तिची नोकरी गेली.

हातमोज्यांच्या काउंटरची फळी तर वॉर्निशचे थर चढून चिकटूनच गेली होती. तिथे पूर्वी बेर्त नावाची बाई होती. सेलच्या गर्दीत उभ्या उभ्या कोसळली आणि जागीच मेली. गिऱ्हाईक म्हणे मोजा चढवून घ्यायला हात पुढे करून ताटकळत राहिलं.

माझी धाकटी बहीण नोएमी आता त्याच जागेवर होती. सातवा महिना. दुकानाच्या ढगळ काळ्या झग्याखाली पोट लपवायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, उभं राहू नका, बाळ जाईल. पण नवरा अल्जीरियात लढाईवर. नोकरी गेली तर खाणार काय?

त्या दुपारी तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी समोर, टोप्यांच्या काउंटरवर. गिऱ्हाईक सोडून हलताही येईना.

आणि आवाज आला...

खट्.

नोएमी मटकन खाली बसली. काउंटरआड दिसेनाशी झाली.

झालं, मला वाटलं, संपलं सगळं.

पण समोरच्या गिऱ्हाईक बाईने काउंटरवरच्या छोट्या उशीवर कोपर टेकवलं, हात वर धरला, आणि मोजा तिच्या बोटांवर चढू लागला...

एकेक बोट. अगदी सावकाश.

चढवणारं तिथे कुणीच नव्हतं.

बाई मात्र समोर बघून हसत होती. "किती हलका हात गं तुझा! पण बर्फासारखा गार."

संध्याकाळी नोएमीला गाठलं.

"फळी आपोआप उघडली, ताई. माझ्यापुढे कुणीतरी उभं होतं. काळा झगा दिसला, वर बघायची छातीच झाली नाही. नुसता आवाज आला... 'बस गं. मी बघते.'"

नाताळपर्यंत रोज फळी उघडत राहिली, मग नोएमी रजेवर गेली. बाळ वाचलं. गुटगुटीत पोरगी झाली.

नोएमी कामावर परतली तेव्हा आमचे सुपरवायझर पेरल साहेब म्हणाले, "आता तुमची गरज नाही. ती दुसरी आहे ना! दिवसभर उभी असते, जेवायलासुद्धा जात नाही. शिका जरा तिच्याकडून."

"ती कोण, साहेब?" मी विचारलं.

"मला काय विचारता? असेल तुमच्यातलीच कुणी. काम करते ना, मग झालं!"

एवढं बोलून ते जेवायला निघून गेले.

मेलेलीला राबवलं आणि जिवंत होती तिला हाकललं. अजून आठवलं की माझं रक्त उकळतं.

नोएमी रडली नाही. काउंटरमागे गेली, वाकली आणि दोन्ही हातांनी फळी ओढू लागली. "बेर्तबाई, आता तुम्ही बसा. घटकाभर तरी टेका."

फळी हलेना. मीही जोर लावला. कुणीतरी ती घट्ट धरून ठेवली होती...

मग आमच्या कानाशी, अगदी दबक्या आवाजात...

"नको गं. साहेब बघतायत."

आम्ही वर पाहिलं. सज्ज्यात कुणीच नव्हतं.

आजही कुठल्या दुकानात शिरले की माझी नजर आधी वर जाते.