आवाजावर उठायचं नाही

किल्ल्या देताना दातांच्या डॉक्टरांनी एकच अट घातली होती: त्या मोठ्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. गाव सोडून, किनाऱ्यापासून दूर आत मेव्हण्याच्या घरी सुखरूप पोचल्यावर त्यांनी फोन करून तीच अट पुन्हा ऐकवली. भाऊजींनी तो फोन खुर्चीवर आडवं पडूनच घेतला. छे हो, हातसुद्धा लावला नाही, असं ते सांगत होते आणि पायाच्या अंगठ्याने वरचा दिवा हलवत होते. वहिनी खिडकीशी कॅमेऱ्याचे स्क्रू पिळत होती. तिला हसू फुटलं. दोन वर्षांत असं अवचित हसू तिला फार वेळा आलं नव्हतं.

सकाळचे अकरा वाजले होते. वादळ दोनच्या सुमारास किनाऱ्याला लागणार होतं आणि भरतीची वेळही नेमकी तीच होती. खाली रस्ता रिकामा होता, दुकानांच्या दारांवर फळ्या ठोकलेल्या होत्या. समोरच्या गच्चीत घाईत विसरलेला एक निळा शर्ट दोरीवर बाह्या उडवत होता.

सगळं गाव जिकडून पळालं होतं तिकडे ही दोघं आली होती, कारण त्यांचं कामच ते होतं. वादळवाऱ्याचं चित्रण कुणीही करतं. वारा पत्रे उडवतो, झाडं मोडतो. पण माणसं नेतं ते पाणी, वादळाने फुगवून किनाऱ्यावर ढकललेलं, तासाभरात रस्त्याचा तळ करून टाकणारं. ते पाणी डोळ्यांच्या उंचीवरून, हाताच्या अंतरावरून टिपायचं असेल तर पहिल्या मजल्यावरच बसावं लागतं. समोरच्या विजेच्या खांबावर फुटाफुटाला पांढरे पट्टे रंगवायचे, कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पेटीत घालून खिडकीला पक्का करायचा आणि पट्टे एकेक करून बुडताना टिपत राहायचं. पुढे बंधारे बांधणारे लोक ते बघत आणि आकडे उतरवून घेत.

कॅमेऱ्यामागच्या माणसाला खांब दिसतो, जग दिसत नाही. म्हणून दुसऱ्याने जिन्यात उभं राहायचं. रस्त्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत वीस पायऱ्या होत्या. पाणी पायरी चढलं की उरलेल्या पायऱ्यांचा आकडा जिन्यातून ओरडायचा आणि आतल्याने म्हणायचं, "ऐकलं." पाच उरल्या की "चला" म्हणायचं आणि कॅमेरा तसाच चालू ठेवून दोघांनी गच्ची गाठायची. कॅमेरा नंतर चिखलातून सोडवून आणता येतो. माणसाचं तसं नसतं.

दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावात, कॅमेऱ्यामागे वहिनीचा नवरा होता आणि जिन्यात वहिनी. पाच पायऱ्या उरल्या तेव्हा तिने "चला" म्हटलं. त्याने "ऐकलं" म्हटलं. ती पुढे झाली, वाऱ्याने दाबून धरलेलं गच्चीचं दार खांद्याने रेटलं आणि मागे वळून पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. कॅमेरा तिसऱ्या दिवशी मिळाला. त्यात तिचं "चला" होतं, त्याचं "ऐकलं" होतं, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज होता. आणि मग पुन्हा तिचाच आवाज होता, अगदी जवळून, जेवायला वाढलंय असं सांगावं इतका साधा: "थांबा जरा. पाणी उतरतंय." खुर्ची पुन्हा पुढे सरकल्याचं ऐकू येत होतं. त्यापुढे नुसतं पाणी.

ती असं म्हणाली नव्हती. ज्याने विचारलं त्याला तिने हेच सांगितलं. धक्का बसला की असं होतं, असं सगळे समजुतीने म्हणाले. सासूबाईंनी ते एकदाच ऐकलं. "आवाज तुझाच आहे," एवढं बोलून त्या उठल्या आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागल्या. त्यानंतर त्या तिच्याशी कधी वाईट वागल्या नाहीत, आणि तेच सोसवत नव्हतं. तिला ताप आला तर रात्रभर उशाशी बसत, बाहेरून आली तर पाण्याचा पेला पुढे करत. फक्त ते वाक्य त्यांनी परत घेतलं नाही. वहिनीने ते ध्वनिमुद्रण इतक्यांदा ऐकलं होतं की अलीकडे तिचं तिलाच खात्रीने सांगता येत नव्हतं.

धाकट्याने थोरल्याचं काम उचललं तेव्हा सासूबाई भांडल्या नाहीत. वहिनी बरोबर असेल तरच जायचं, असं त्याला सांगितलं. आणि निघताना दारात, तिच्या पिशवीचा पट्टा सारखा करत, तिला म्हणाल्या, "एक तिकडे राहिला. हा घेऊन ये."

म्हणून या वेळी तिने रीत बदलली. सगळी मांडामांड झाल्यावर ती भाऊजींसमोर उभी राहिली.

"आज आवाजावर उठायचं नाही, भाऊजी. आवाजावर बसायचंही नाही. मी आत येऊन खांद्यावर हात ठेवीन. तो हात खरा. बाकी काही ऐकू आलं, माझ्या तोंडचं आलं, तरी जागचं हलायचं नाही."

"म्हणजे तू घसा फोडून ओरडणार आणि मी ढिम्म."

"घरी वेगळं काय चालतं?"

भाऊजी हसले. मग कॅमेऱ्याच्या पेटीवर हात ठेवून त्यांनी शब्द दिला. आणि हात तिथेच ठेवून, दोन वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "वहिनी, त्या दिवशी ते तू म्हणाली नव्हतीस ना?"

"नाही."

"मग झालं," भाऊजी म्हणाले आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

ती जिन्यात आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. एवढ्या मोठ्या जगात एका माणसाने "मग झालं" म्हटलं होतं.

पाणी आलं ते समुद्राकडून आलंच नाही. आधी गटारांची झाकणं थरथरली. मग झाकणांच्या कडांमधून ते वर आलं, काळसर, सावकाश, एखाद्याने ओले पाय पुसत घरात यावं तसं. रस्ता आधी नुसता चमकला. मग त्यात आभाळ दिसलं, मग रस्ता दिसेनासा झाला. पाऊस आडवा झाला. समोरचा निळा शर्ट कधी गेला ते तिला कळलं नाही. बाहेर ठेवलेलं एक बाकडं तरंगत आलं, जिन्याच्या तोंडाशी दोनदा आपटलं आणि चौथ्या पायरीवर टेकलं.

"सोळा," तिने हाक दिली.

"ऐकलं."

पंधरा झाल्या, चौदा झाल्या. वाऱ्याला आता एक सूर लागला होता, जात्याच्या घरघरीसारखा, थांबत नव्हता की चढत नव्हता. पाण्याला डिझेलचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. ती खालच्या काळोखात पाहत उभी होती, ओठ मिटलेले होते, आणि आतून भाऊजी म्हणाले, "ऐकलं."

ती दारातून आत डोकावली. पुढच्या खोलीत पेशंटच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, त्यापलीकडे आतल्या खोलीच्या उघड्या दारातून भाऊजींची पाठ दिसत होती.

"काय ऐकलंत?"

"तेरा म्हणालीस ना," ते मान न वळवता म्हणाले.

तिने मागे पाहिलं. पाणी तेव्हाच एक पायरी वर सरकत होतं.

वारा असेल, असं तिने मनाशी म्हटलं, आणि ते खरं मानायचा प्रयत्न केला. पुढचे आकडे तिने मुद्दाम जोरात दिले. बारा. अकरा. दर वेळी उत्तर आलं. दहाला मात्र उत्तर आधी आलं आणि हाक नंतर. मग थोड्या वेळाने आतून भाऊजींच्या हसण्याचा आवाज आला, घरी जेवताना हसत तसा, मनापासून. "हे बरं आठवलं तुला," ते कुणाला तरी म्हणाले.

"भाऊजी, मी काही बोलले नाही."

"ऐकलं."

पायऱ्यांच्या आकड्याला उत्तर देत होते त्याच स्वरात.

तेव्हा तिने ठरवलं. पाच उरायची वाट बघायची नाही. नऊ पायऱ्या पुष्कळ झाल्या, पट्टे गेले चुलीत. आत जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, दंडाला धरून वर न्यायचं. ती दाराकडे वळली.

त्याच क्षणी पुढच्या खोलीची काच फुटली. वारा आत घुसला आणि दार तिच्या तोंडावर आपटलं. आपोआप लागणारं कुलूप होतं. किल्ल्या भाऊजींच्या खिशात होत्या.

तिने मूठ आपटली. मग तळहात, मग खांदा. दार जाड होतं.

"भाऊजी, दार लागलंय. दार उघडा."

"ऐकलं."

ती वाट पाहत राहिली. पावलं आली नाहीत.

"वर चला. आत्ता. मी आहे ही. मीच आहे."

"ऐकलं, वहिनी."

आवाज प्रेमळ होता. समजूत घालणारा होता. आणि मग तिला उमगलं. भाऊजी शब्द पाळत होते. तिने घालून दिलेली रीत ते तिच्याच आवाजाविरुद्ध राखून बसले होते.

आठ. सात. पाणी तिच्या मागून येत होतं आणि तिने मोजणं सोडलं होतं. ती दारावर डोकं आपटत होती, त्यांचं लहानपणचं नाव घेत होती, सासूबाईंची शपथ घालत होती. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि आवाजाचा नुसता खरखराट उरला. तरी ती ओरडत राहिली.

पाणी घोट्याला लागलं.

आत भाऊजी बोलले. ओरडून नव्हे, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं.

"केवढा गार हात आहे तुझा, वहिनी."

ती थांबली.

खुर्ची सरकली. भाऊजी उठले. त्यांची पावलं तिने ओळखली. त्यांच्याबरोबर दुसरी पावलं होती, हलकी, अनवाणी.

दोन्ही पावलं दाराकडे आली नाहीत. समुद्राच्या बाजूला एक छोटी गॅलरी होती, तिकडे गेली.

कडी निघाली. समुद्राचा आवाज एकदम मोठा झाला.

मग पूर्वीइतकाच झाला.

ती किती वेळ दाराशी होती कुणास ठाऊक. पाणी कमरेला आलं तेव्हा तिचे पाय वळले आणि वर चढू लागले. तिने त्यांना सांगितलं नव्हतं. जगायचं असं तिने ठरवलंच नव्हतं.

संध्याकाळी पाणी उतरलं. दवाखान्याचं दार फुगून चौकटीतून सुटलं होतं. खुर्ची आपल्या जागी, दिव्यासकट. गॅलरीचा कठडा शाबूत होता, गॅलरीच्या दाराला बाहेरून कडी लावलेली होती. होडीवाल्यांनी तीन दिवस शोधलं. भाऊजी मिळाले नाहीत. कॅमेरा खिडकीला होता तसाच होता, तिने पिळलेले स्क्रू तिनेच सोडवले. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून होडीवाल्यांना सगळं कागदावर लिहून दिलं.

घरी ती एकटीच परत गेली. दारात सासूबाईंनी तिच्या मागे बघितलं, बराच वेळ, रस्त्याच्या वळणापर्यंत. मग बाजूला होऊन तिला आत घेतलं.

घसा सुटायला दोन आठवडे गेले. तोवर तिने ते मुद्रण ऐकलं नव्हतं. एका दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने ते लावलं आणि सासूबाईंना समोर बसवलं.

पडद्यावर खांब होता आणि बुडणारे पट्टे. जिन्यातून लांबून येणारे तिचे आकडे. मधूनच एक आकडा जवळून. काच फुटली, दार आपटलं. आणि मग, अवघ्या काही क्षणांपुरतं, ते दोन्ही एकदम आलं. दारापलीकडे कुणीतरी मुठी आपटत फाटक्या गळ्याने ओरडत होतं. आणि त्याच वेळी अलीकडे, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, वहिनीचा आवाज शांतपणे म्हणत होता, "चला, भाऊजी. झालं."

तिने तिथे थांबवलं. एका बाईला एका वेळी दोन ठिकाणांहून बोलता येत नाही. दोन वर्षं तिला हेच हवं होतं, कुणालाही दाखवता येईल असं, आणि ते आता टेबलावर पडलं होतं. त्याचं करायचं काय ते तिला कळेना. ज्याने पुरावा न मागताच "मग झालं" म्हटलं होतं, त्यालाच गमावून ते आणलं होतं.

सासूबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दारापलीकडचा आवाज घोगरा होता, जनावराचा वाटावा असा, कुणाचाही असू शकला असता. अलीकडचा स्वच्छ होता. "झालं"च्या आधी वहिनी नेहमी घेते तेवढाच श्वास त्याने घेतला होता.

सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी चाचपत टेबलावरचा वहिनीचा हात हातात घेतला. मुलं गेल्यापासून पहिल्यांदाच.

"यातली तू कुठली, गं?"

"दारापलीकडची," वहिनी म्हणाली. आवाज आता पूर्ण बरा झाला होता, साधा, जवळचा, शांत.

सासूबाईंनी डोळे उघडले. आपला हात हळूच सोडवून घेतला आणि टेबलावरच्या फडक्याला पुसून कोरडा केला.