बोटीवरची हजेरी

ऊर्मी कॅनडाच्या दुसऱ्या टोकाच्या किचनर शहरातून व्हँकुव्हर बेटावर आली होती ती एकच गोष्ट विचारायला. गेल्या ऑक्टोबरात तिच्या धाकट्या बहिणीच्या, अक्षताच्या नावाला बोटीवर 'हजर' कोण म्हणालं?

कारण अक्षता पाण्यातून वर आलीच नव्हती. तरी हजेरी पूर्ण भरली, बोट निघून गेली आणि तिसऱ्या दिवशी अक्षताचा मृतदेह केल्पमध्ये, समुद्रातल्या त्या उंच शेवाळाच्या जंगलात, अडकलेला सापडला. कंपनीच्या रिपोर्टात दोनच शब्द होते, डायव्हर एरर. चूक म्हणे तिची! ते वाचून ऊर्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच रागावर ती वर्षभरात डायव्हिंग शिकली.

आज तीच बोट होती, तोच स्किपर. त्या दिवशी बोटीवर असलेल्या, अक्षताच्या कॉलेजातल्या परीक्षितलाही तिने मागे लागून बोलावलं होतं. धुक्यात किनारा दिसत नव्हता. डिझेलचा आणि ओल्या रबराचा वास कोंदला होता. सूट चढवता चढवता परीक्षितने मान खाली घातली.

"ऊर्मीताई, तो मीच होतो... मला वाटलं, ती वॉशरूममध्ये आहे. पुण्यात लेक्चरला मारायचो तशी प्रॉक्सी मारली. बारीक आवाज काढून 'येस सर' म्हणालो."

"आणि वर्षभर गप्प बसलास?"

"इथे कायमचं राहायची माझी पीआर पेंडिंग होती, ताई. भीती वाटली..."

"ती खाली एकटी होती आणि तू पीआर सांभाळत होतास? लाज नाही वाटली? मी तुझ्याबरोबर उतरणार नाही. जा, दुसरं कुणी बघ!"

ती दुसऱ्या दोघांबरोबर उतरली. पाणी आठ अंश. वरचे काही मीटर पावसाने गढूळ झालेले, स्वतःचा पंजा दिसेना. त्याखाली एकदम स्वच्छ पाणी, आणि काळोख. टॉर्चच्या उजेडात खडकावर पांढरी समुद्रफुलं दाटीने उभी होती. कपारीतून वुल्फ ईल माशाने आपलं सुरकुतलेलं तोंड बाहेर काढलं आणि लगेच आत घेतलं. मग आवाज आला... टण, टण, टण. जोडीदाराला बोलवायला डायव्हर टाकीवर ठोकतात, तसा. ऊर्मीने पाहिलं. तिचे दोन्ही जोडीदार समोरच होते, हात मोकळे. प्रवाह थांबलेला होता, तरी पलीकडचं केल्प हलत होतं.

वर आल्यावर स्किपरने पाठमोरं उभं राहून नावं वाचायला घेतली. कागदावर नऊ जण.

"परीक्षित?"

"येस सऽऽर!"

ऊर्मीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही कुणाची नक्कल नव्हती. 'सर'वर असा लाडिक हेल फक्त अक्षता काढायची. तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. परीक्षितही नव्हता.

इंजिन सुरू झालं. निघू दे बोट, असं एक क्षण तिच्या मनात आलं. एकच क्षण.

"थांबवा! तो आलेला नाही!"

"बट ही आन्सर्ड, मॅम," स्किपर मागे न वळता म्हणाला.

"मान वर करून बघायला काय जातं तुमचं? माणसं आहेत ती, खोकी नाहीत!" रागात तिला इंग्रजी आठवलंच नाही, पण रिकाम्या बाकाकडे रोखलेलं तिचं बोट स्किपरला कळलं.

परीक्षित केल्पमध्ये सापडला, ओठ निळे, पण जिवंत. ज्यांच्याबरोबर तो निघाला होता त्यांना वाटलं होतं, तो ऊर्मीबरोबर गेला.

"पाय अडकला होता, ताई... कुणीतरी सोडवला." दात वाजत असतानाच त्याने कागद मागितला. "त्या दिवशीचं सगळं लिहून देतो. आत्ताच."

या वेळी स्किपरने एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. शेवटच्या खांद्यावरून त्याने हात झटकन मागे घेतला. कागदावर नऊ होते आणि मोजले दहा. पुन्हा मोजायचं धाडस त्याला झालं नाही. पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो ऊर्मीकडे बघत राहिला.

"ऑल हिअर?"

"ऑल हिअर," ऊर्मी म्हणाली आणि बाकावर थोडी सरकून बसली.