सुंद्राच्या गोष्टीचा शेवट

सकाळच्या एसटीने अपूर्वा नांदेडहून निघाली तेव्हा तिच्या पर्समध्ये पाण्याची बाटली होती, घशासाठी खडीसाखरेची पुडी होती आणि पुन्हा पुन्हा वाचून मऊ पडलेला एक कागद होता. कागद पुण्याच्या एका ऑडिओ कंपनीचा. लेखिकेची नोकरी, पण एका अटीवर: गोष्ट संपूर्ण स्वतःची हवी, कुणाकडून ऐकलेली, घेतलेली नको. निकाल सोमवारी. त्याआधी कंपनीच्या लोकांना तिची एखादी मुलाखत ऐकायची होती, आणि नेमका त्याच आठवड्यात लातूरच्या मिहिर नावाच्या मुलाचा फोन आला होता. 'छंदातून करिअर' अशा विषयावर त्याचा पॉडकास्ट होता. याल का पाहुणी म्हणून?

नेमका त्याच आठवड्यात. हेच तिच्या डोक्यात टोचत होतं. अपूर्वाचा स्वभावच तसा. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. पण या वेळी घाबरायला कारण होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

तिचं नाव झालं होतं एकाच गोष्टीवर. सुंद्रा नावाची सून, गावाबाहेरची विहीर, खालून नावाने हाक मारणारं कुणीतरी. अपूर्वाने ती फोनवर रेकॉर्ड करून टाकली आणि लाखभर लोकांनी ऐकली. पण गोष्ट होती केवळाबाईची. केवळाबाई नायगावकडची, नांदेडच्या मुलींच्या हॉस्टेलवर भाकऱ्या थापायची. एक भाकरी तव्यावर, एक हातावर आणि तोंडात गोष्ट. अपूर्वा पाटावर बसून 'हूं, हूं' करायची. ती गप्प झाली की केवळाबाईचा हात थांबायचा.

"हुंकार देत जा बाई. हुंकार न्हाई दिला तर गोष्टीला वाटतंय, हितं कुणीच न्हाई. मंग ती आपल्या मनानं कुणाच्या बी घरात शिरती."

सुंद्राच्या गोष्टीत सून पोहरा खाली सोडते, दोर जड होतो, ती ओढते, ओढते... आणि इथे केवळाबाई उठली होती. पीठ संपलं होतं. "ऱ्हायलेली उद्या." दुसऱ्या दिवशी संक्रांतीला म्हणून गावी गेली, तिथे तापाने फणफणली आणि त्यातच गेली. शेवट अपूर्वाने जोडला. सुंद्रा दोर कापते, वेशीबाहेर पडते, शहरात जाऊन शिकते. लोकांना तो फार आवडला.

स्टुडिओ म्हणजे एका मेडिकलच्या वरची खोली. खाली रस्त्यावर शिकवणीच्या पोरांचे लोंढे, सायकलींच्या घंट्या, चहावाल्याची आरोळी. पण मिहिरने दार लावलं आणि सगळं जागच्या जागी विझलं. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना त्याने गोधड्या ठोकल्या होत्या. भर दुपारचे अडीच वाजले होते, तरी ट्यूबलाइट लावावी लागली.

"टेन्शन घेऊन राहिलात का मॅडम?" मिहिर हसला. "आपल्या घरच्यासारखं बोलायचं. पाणी?"

"नको. खोलीत अजून कुणी आहे का?"

"मीच. रेकॉर्डिंग मी, एडिटिंग मी, झाडू पण मीच." त्याने तिच्या कानाला हेडफोन लावला. "आता एक मिनिट दोघांनी गप्प बसायचं. खोलीचा नुसता आवाज घेतो. एडिटिंगला लागतो."

दोघे गप्प बसले. हेडफोनमध्ये आधी नुसती शांतता होती, कापूस कोंबल्यासारखी. मग फार लांबून काहीतरी यायला लागलं. थप. थप. मध्ये थोडा दम. थप. थप.

मिहिरने लॅपटॉपवरून मान वर केली. "मॅडम, टेबलावर हात मारून राहिलात का?"

अपूर्वाचे दोन्ही हात मांडीवर होते. "नाही."

"असू द्या. खाली औषधांचे खोके टाकत असतील." आणि त्याने मुलाखत सुरू केली.

पहिले प्रश्न साधेच होते. चाकूरचं घर, शाळेतली वक्तृत्व स्पर्धा, आईने आवाजाचं केलेलं कौतुक. अपूर्वा बोलत होती आणि तिच्या प्रत्येक वाक्यामागे, कानाच्या अगदी आत, कुणीतरी म्हणत होतं, "हूं."

बाईचा आवाज. जाडसर, कामात असल्यासारखा.

तिने मिहिरकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते.

"हॉस्टेलला होतात ना तुम्ही नांदेडला?" त्याने विचारलं. "मेसची भाकरी आठवते का अजून?"

भाकरी! हे याला कुणी सांगितलं? आता तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. याला कळलंय. मेसमधल्या कुणाला तरी, नाहीतर केवळाबाईच्या एखाद्या नातेवाइकाला गाठून याने इथे आणून बसवलंय. आपल्या कानात हुंकार सोडून, घाबरवून, आपल्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि जगाला ऐकवायचं. खोलीच्या कोपऱ्यात एक दार होतं. बंद. कडी या बाजूने.

"ते दार कशाचं?"

"बाथरूम आहे."

"मला जायचंय."

तिने जाऊन कडी काढली, एका झटक्यात दार उघडलं. आत एक बादली, पुसायचं फडकं आणि बोटभर झरोका. कुणी नव्हतं. माणूस उभं राहील एवढी जागाही नव्हती. मात्र वास होता... करपलेल्या भाकरीचा. तव्यावरची भाकरी कुणी विसरून गेल्यावर येतो तसा.

"भाकरीचं का विचारलंत?" परत येऊन बसताना तिने विचारलं.

"हॉस्टेलवाल्या सगळ्यांनाच विचारतो हो मी." तो गोंधळला. "काही चुकलं का?"

चेहरा तर साधा दिसत होता. पण साधेच चेहरे फसवतात, अपूर्वाला वाटलं. तिने हेडफोन पुन्हा चढवला. थप थप आता जवळ आली होती, हाताच्या अंतरावर.

"आता मुद्द्याचं," मिहिर म्हणाला. "सुंद्राची गोष्ट. ही कुठं सापडली तुम्हाला?"

थप थप थांबली.

कानात कुणीतरी ऐकत होतं. श्वास कळत होता. पीठ लागलेला हात परातीवर तसाच धरून वाट बघावी, तशी ती शांतता होती.

"सांग की..." आवाज म्हणाला. धमकी नव्हती त्यात. लाडीगोडीच होती उलट.

अपूर्वाचे डोळे भरून आले. 'केवळाबाई' हे नाव जिभेच्या टोकावर आलं. एवढं एक नाव घेतलं की संपलं असतं सगळं. पण मग कागदावरची ती अट, सोमवार, आईने शेजारणीला आधीच सांगून ठेवलेली पुण्याची नोकरी...

"सापडली नाही," ती म्हणाली. "माझी आहे. सगळी माझीच."

हूं आला नाही.

परात सरकवल्याचा आवाज आला. हात झटकल्याचा. कुणीतरी गुडघ्यावर हात टेकून उठल्याचा. मग काहीच नाही.

"थोडक्यात ऐकवाल?" मिहिर म्हणाला.

अपूर्वाने गोष्ट सांगितली. आश्चर्य म्हणजे आवाज जराही कापला नाही. विहीर, हाक, पोहरा, दोर, आणि शेवटी आपली शहरात जाणारी सुंद्रा. इतकी छान तिने ती कधीच सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर तिने पाहिलं, मिहिर खुर्ची मागे सरकवून पार भिंतीला टेकला होता. गोधडीचं एक टोक त्याने मुठीत धरलं होतं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं..." तो म्हणाला. गोधडीचं टोक न सोडताच पुढे म्हणाला, "तुम्ही आवाज फार हुबेहूब काढता हो मॅडम." तिला पोचवायला तो जिन्यापर्यंतसुद्धा आला नाही.

ती चाकूरला उतरली, घरीच राहिली. रविवारी भाग आला. तिने तीन वेळा ऐकला. काहीच वावगं नव्हतं. आपलाच आवाज, आपलीच गोष्ट, आपलाच शेवट. उगाच त्या पोरावर संशय घेतला, असं वाटून तिला लाजही वाटली.

सोमवारी सकाळी पुण्याहून निरोप आला. 'भाग ऐकला. गोष्ट विलक्षण आहे. ती सांगणाऱ्या बाईंचा नंबर मिळेल का? आम्हाला त्यांच्याशी बोलायचं आहे.'

अपूर्वाने तो निरोप दोनदा वाचला. मग घाईघाईने पॉडकास्टखालच्या लोकांच्या प्रतिक्रिया उघडल्या. कुणी लिहिलं होतं, 'काय आवाज आहे त्या मावशींचा!' कुणी, 'शेवट ऐकून रात्रभर झोप नाही.' आणि एकाने हसऱ्या चेहऱ्यासकट: 'ताई, बोलावलं तुम्हाला, अन् तुम्ही नुसत्या हूं हूं करत बसलात?'

तिने पुन्हा ऐकलं. तिचाच आवाज. दोर कापणारी, शहरात शिकणारी सुंद्रा.

"आई," तिने हाक मारली. आई, लताबाई, अंगणात मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. अपूर्वाने तिच्या कानात इअरफोन घातला. "हे ऐक ना. मी बोलतेय ना यात?"

आई ऐकू लागली. आधी कौतुकाने. मग तिचा निवडणारा हात थांबला.

"हे कोण बाई गं? नायगावकडची दिसती बोलण्यावरून. लई झ्याक सांगून राहिली."

"आणि मी?"

"तू हाईस की. हूं म्हणून राहिलीस मागून."

अपूर्वा तिच्यासमोर उकिडवी बसली. तिला आईचा चेहरा तेवढा दिसत होता. दोर जड झाल्याची जागा आली असावी. आईच्या कपाळावर आठी पडली. मग ती आठी गेली, आणि चेहऱ्यावर काहीच उरलं नाही. तांदळाचं सूप मांडीवरून घसरलं. आईने ते सावरलं नाही.

भाग संपला. आईने इअरफोन काढून लांब ठेवले.

"काय वर येतं आई? पोहऱ्यात काय असतं?"

"तुला म्हाईत न्हाई?"

"मला ऐकू येत नाही ते... सांग ना."

आईने तिच्याकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं ते बघणं नव्हतं. मग ती उठली. अंगणाच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या हौदापाशी गेली, त्यावर पत्रा सरकवला. पत्र्यावर पाटा ठेवला. थोडा विचार करून वरवंटाही ठेवला.

"आजपासून पाणी मीच काढत जाईन," ती म्हणाली. "तू हिकडं यायचं न्हाई. कुणी नाव घेऊन हाक मारली तरी."