झाउरेश तातेंची जुनी वेळ

ओस्केमेन शहराच्या रुग्णवाहिका केंद्रातला डेटाबेस मी सांभाळते. मार्चमध्ये सरकारने घड्याळं तासभर मागे घ्यायला लावली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. त्या तापाचं नाव झाउरेश ताते; ताते म्हणजे आमच्याकडे मावशी.

फोन घेणाऱ्या बायकांत त्या सगळ्यांत जुन्या. "सूर्य काय सरकारी नोकर आहे?" म्हणायच्या, आणि रोज सकाळी संगणकातल्या आपल्या खात्याची वेळ जुनी करून ठेवायच्या. आमच्याकडे ज्याला त्याला आपल्या सेटिंग्ज बदलायची मुभा होती. त्यामुळे सगळ्यांच्या पडद्यावर तीन, तेव्हा तातेंच्या पडद्यावर चार. नोंदींची नुसती खिचडी.

"आज बंद करून टाक ते," आमचे साहेब कुआंदिक आगा म्हणाले. "कुणाला स्वतःची वेळ बदलता येता कामा नये."

काम दोन ओळींचं. पण न सांगता करणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी दुपारी खाली तातेंकडे गेले. खिडकीबाहेर कारखान्याचा धूर साचला होता. तातेंचा दुधाचा चहा तसाच निवत होता.

"मुली, आत्ता तू फोन केला होतास?"

"मी तर वर होते, ताते."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. ताजी नोंद. आमच्या घरचा पत्ता, बाबांचं नाव. छातीत कळ, स्वयंपाकघरात कोसळले. फोन करणारी, मुलगी. वेळ, चार वाजून गेलेली.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते.

मी घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. "मला काय धाड भरलीय? बाउरसाकचे गोळे तळायला घेतोय. माझ्या शिंगरा, तूच डॉक्टरला दाखव."

लाजच वाटली. तरी म्हटलं, "ताते, गाडी पाठवा."

"कधीच निघाली."

गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी पोचल्यावर कळवलं की म्हातारा ठणठणीत आहे, टोमणे मारतोय आणि गरम बाउरसाक खायला घालतोय. मी त्यांना थोडं थांबायची गळ घातली. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

भिंतीवर चार वाजले.

तातेंनी फोन जवळ ओढला.

मग फोन वाजला. बाबा हातातल्या झाऱ्यासकट कोसळले होते. डॉक्टरीणबाईंच्या पायाशीच.

"वाचलेत," बाई म्हणाल्या. "आम्ही इथे नसतो तर काही खरं नव्हतं."

मी तिथेच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तातेंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

कुआंदिक आगांनी ती नोंद पुन्हापुन्हा वाचली. "सगळ्यांचं बंद कर," ते हळूच म्हणाले. "तातेंना सोडून."

तसंच केलं.

बाबा आता घरी आहेत, पथ्याच्या नावाने ओरडतात आणि चोरून तळतात. आमच्याकडे प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग राहतं. ते ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. काल ऐकलं.

आवाज माझाच होता. रडत नव्हते मी.

"घाई करू नका, ताते," मी म्हणत होते. "आता उपयोग नाही. मी पोचले तोवर सगळं संपलं होतं."

हे तातेंनी नोंदीत घातलं नव्हतं.

फोन तसाच चालू राहिला. मागे बराच वेळ कढईतलं तेल चुरचुरत होतं.