अंजनाच्या घरचं पाणी

अंजना गुरुवारी गेली. रविवारी तिचे वडील आमच्या घरी जेवायला येणार होते. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मारोतराव एकदाही आमच्या फाटकाच्या आत आले नव्हते.

फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. मी डुकरांच्या पिलांना खाऊ घालत होतो. फोनवर तिचं नाव दिसलं म्हणून मी म्हणालो, "पोचली का?" पलीकडून दुसऱ्याच बाईचा आवाज आला. "हा फोन ज्या म्याडमचा हाय... त्या तुमच्या कोण?"

मी म्हणालो, बायको. मग त्या बाईनं सांगितलं.

अंजना आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला बचत गटाच्या बायकांना पिलं कशी वाढवायची ते शिकवायला गेली होती. बोलता बोलता खुर्ची धरून खाली बसली आणि उठलीच नाही. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. एकतीस वर्षांची होती. तिला कधी साधी डोकेदुखीही झाली नव्हती.

मी फोन खिशात ठेवला आणि उरलेल्या दोन गाळ्यांतल्या पिलांना खाद्य टाकलं. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. खाद्य गार होईल, एवढंच डोक्यात होतं. माझी आई, तुळसाबाई, पाण्याची बादली घेऊन आली. माझं तोंड पाहून तिनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "अंजना मेली." असंच म्हणालो. दुसरा शब्द आला नाही.

मग मारोतरावांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. "हां जवाई, रविवारी अकराले येतो म्हणा तिले. लय काही करू नको म्हणा." मी ते सगळं ऐकून घेतलं. मधे तोडायला हवं होतं. मला तोडता आलं नाही. ते आणखी काही बोलत राहिले, कामरगावातून निघायला किती वेळ लागतो वगैरे. मग ते थांबले, आणि मी सांगितलं.

भेटायला येणारे लोक हळहळतात आणि जाता जाता विचारतात, तुमचं दोघांचं जमलं तरी कसं. विचारलं की मला बरं वाटतं. तेवढा वेळ ती गेलेली नसते.

मी इंझोरीचा. सात वर्षांपूर्वी मी चार माद्या आणि एक नर आणून शेतात डुकरं पाळायला सुरुवात केली. शिकलेला पोरगा डुकरं पाळतो म्हणून गाव हसलं. पहिल्या वेताची चौतीस पिलं झाली. दीड महिन्यानं त्यांचं आईचं दूध तोडलं आणि चौथ्या दिवशी हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, सोबत विटामिनची पावडर द्यायला सांगितलं. ती मी कामरगावातल्या मारोतरावांच्या पशुखाद्याच्या दुकानातून आणली. आठ दिवस दिली. सात पिलं मेली.

आठव्या दिवशी मी अर्धं पाकीट घेऊन भांडायला निघालो. दिवाळी होऊन गेली होती, पाऊस यायचं काही कारण नव्हतं, तरी रस्त्यात पाऊस लागला. दुकानात मारोतराव नव्हते. एका लग्नाला गेले होते. त्यांच्या जागी एक मुलगी बसली होती. मी पाकीट तिच्यापुढं आपटलं.

"तुमची पावडर बोगस हाय."

"अगोदर डोकं पुसा," ती म्हणाली. "पाणी गळून राह्यलं ढेपीच्या पोत्यावर."

मी डोकं पुसलं. भांडायला आलेल्या माणसानं डोकं पुसलं की अर्धं भांडण संपतं, हे मला तिथं कळलं. तिनं विचारलं, पावडर देता कशी? मी म्हणालो, खाद्यात. खाद्य कसं करता? हॉटेलातलं उरलेलं आणतो, त्यात कोंडा आणि डाळीची चुनी टाकतो, कढईत तासभर उकळतो.

"अन् पावडर कधी टाकता?"

"त्यातच. उकळत असताना. चांगली शिजली पायजे ना."

तिनं तोंडावर हात ठेवला. डोळे हसत होते. मला राग आला आणि त्याच वेळी ते डोळे पाहत राहावंसं वाटलं... दोन्ही एकदम झालं.

"गेले किती?" तिनं विचारलं.

"सात."

तिचं हसू गेलं. तिनं स्टूल पुढं सरकवला आणि मला बसायला सांगितलं. तिनं पशुसंवर्धनाची पदविका केली होती, पण बोलली साधं. उकळत्यात टाकलेली पावडर म्हणजे आठ दिवस नुसता रंग टाकला असं समजा. आणि ती नीट दिली असती तरी एकट्या पावडरनं हगवण थांबत नाही. त्या पिलांच्या पोटाला आईच्या दुधाची सवय, तुम्ही एका दिवसात त्यांना हॉटेलातली तिखट डाळ दिली. त्यांची आतडी आतून सोलून निघाली आहेत. सोललेल्या आतड्यातून काही अंगी लागत नाही. अगोदर पोट, मग पावडर. हॉटेलातलं बंद करा. मका आणि सोयाबीनची बारीक भरड, थोडी थोडी, दिवसातून सहा वेळा. मीठ-साखरेचं पाणी. खाली कोरडी पोती. डॉक्टरांना परत बोलवा. आणि पावडर खाद्य कोमट झाल्यावर.

"कोमट झालं हे कसं समजाव?"

"बोट घालून पाहाजा. बोटाले सहन झालं का टाकाची."

"अन् बोट भाजलं तं?"

"तं माणसाच्या औषधाचं दुकान समोर हाय," ती म्हणाली.

निघताना तिनं एका कागदावर फोन नंबर लिहून दिला. रोज सकाळी फोन करून हगवणीचा रंग सांगायचा, असं बजावलं.

तर आमचं असं सुरू झालं. लोक चांदण्यावर बोलतात, आम्ही हगवणीवर बोलत होतो. सकाळी सात वाजता मी गाळ्यात वाकून पाहायचो आणि फोन लावायचो. पिवळी. पातळ? हो. वास आंबट की सडका? मी परत वाकायचो. आई चुलीपाशी बसून ऐकायची. एकदा म्हणाली, "लोकं सकाळी देवाचं नाव घेतात बाप्पा. हा पोरीले हगवण सांगून राह्यला."

आणखी दोन पिलं गेली. त्या दिवशी मी फोनवर हगवणीचा रंग सांगितलाच नाही. ती म्हणाली, उरलेली पंचवीस मोजा, मी थांबते. मी मोजली. ती फोनवर थांबली होती.

बाराव्या दिवशी सगळं घट्ट झालं. मी आनंदानं सांगितलं. ती म्हणाली, मग आता रोज फोन नाही केला तरी चालेल. मला धक्काच बसला. पिलं बरी झाली की फोन बंद होणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी फोन केला आणि सांगितलं, एका पिलाला परत हगवण लागली. ती काही न विचारता म्हणाली, "मी येते."

तासाभरात ती स्कूटीवर आली. तुरीला फुलं लागली होती, तिच्या ओढणीला दोन-चार पाकळ्या चिकटल्या होत्या. सरळ गाळ्यात शिरली. मी घाईघाईत एक पिलू पुढं केलं. तिनं ते उचललं, शेपूट वर केली, पाहिलं, खाली ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"आजारी कोणतं हाय?"

"तेच... पहिलं. सकाळी पातळ होतं."

"खोटं बोलून राह्यले तुमी."

"हो."

"काहून?"

"फोन कराले कारण उरलं नव्हतं," मी म्हणालो.

ती पिलांकडं पाहत राहिली. एक पिलू तिच्या चपलेचा पट्टा ओढत होतं, तिनं ते हटवलं नाही. मला वाटलं, आता ही जाणार आणि परत दुकानाची पायरीही चढू देणार नाही.

"मंग बिनाकारणाचा करत जा," ती म्हणाली. "कारण मले लागते का?"

वर्षभर आम्ही बिनाकारणाचे फोन केले. मग मी मारोतरावांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "डुकराचं खाद्य इकतो मी, तो धंदा हाय. पोरगी देणं धंदा नाही. डुकरं काढून टाक, मंग ये."

मी दोन दिवस विचार केला आणि तयार झालो. अंजनाला सांगितलं, विकतो डुकरं. वाटलं, ती खूश होईल. ती रागावली.

"मी रोज सकाळी ज्याच्यासंग बोलत होती तो डुकरंवाला होता. त्याच्या जागी दुसरा माणूस आणून बसवान, तं मी नाही येत."

तिनं वडिलांनाही तेच सांगितलं. मारोतराव लग्नाला आले. अक्षता टाकल्या. निघताना तिला बाजूला घेऊन म्हणाले, त्या घरी मी पाय ठेवणार नाही, पाणी घेणार नाही. ते आम्हा तिघांनाच माहीत होतं. लोकांनी विचारायच्या आत अंजनानंच सगळीकडं सांगून टाकलं की, लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी घेत नाही, बाबा जुनी रीत पाळतात. आमच्याकडं जुनी माणसं अजून ती रीत पाळतात, त्यामुळं कोणालाच शंका आली नाही. माझ्या आईलाही नाही. आम्हाला लेकरू झालं नाही आणि ती रीत तशीच चालू राहिली.

मारोतराव महिन्यातून दोनदा टेम्पोबरोबर खाद्य घेऊन यायचे. पोती आत जायची, ते बाहेर थांबायचे. अंजना फाटकावर कोपर टेकवून आतून बोलायची, ते बाहेरून. अर्धा अर्धा तास. मक्याला बुरशी आहे का, नवीन पावडर कशी आहे, दूध तोडलेल्या पिलांना ताक मानवतं का. दोघं हसायचेही. उन्हाळ्यात त्यांच्या गळ्यावरून घाम वाहायचा. मला पाहवायचं नाही. मी तिला म्हणायचो, निदान पाणी तरी विचार.

"विचारलं तं नाही म्हणतीन," ती म्हणायची. "बाबाच्या तोंडातून एकदा नाही निघालं का ते परत आत जात नाही. म्हणून मी विचारतच नाही. एक दिवस आपल्या मनानं येतीन."

तिला दुसरं काही नको होतं. घर वाढवायचं नव्हतं, दागिना नको होता. वडिलांनी आत येऊन ओसरीवर बसावं आणि तिच्या हातचं जेवावं, एवढंच. ती गेली त्या आठवड्यात सोमवारी त्यांचा फोन आला. त्यांच्या दुकानात एक जण पावडर परत करायला आला होता, बोगस आहे म्हणून. मारोतरावांनी त्याला विचारलं, उकळत्यात टाकली का. टाकली होती. हे सांगताना ते फोनवर खूप हसले. मग म्हणाले, "रविवारी येतो माय. जेवाले."

फोन ठेवून ती गाळ्यात आली आणि पिलांच्या मधे उभी राहून रडली. मंगळवारी तिनं ओसरी सारवली. बुधवारी परत सारवली. गुरुवारी ती मालेगावला गेली.

अंत्यविधी इंझोरीला झाला. मारोतराव स्मशानातून तसेच कामरगावला परत गेले. मी त्यांना घरी या म्हटलं नाही.

रविवारी मला वाराचं भानही नव्हतं. अकरा वाजता फाटकाशी मोटरसायकल थांबली. मारोतराव फाटकाची कडी चाचपत होते. पाच वर्षांत त्यांनी ती कधी उघडली नव्हती, त्यांना ती जमेना. मी जाऊन उघडली. ते आत आले, ओसरीवर बसले. आई दाराआड उभी राहून रडायला लागली.

"पिलं कशी हायेत?" त्यांनी विचारलं.

"बरी हायेत, मामाजी."

बराच वेळ ते गाळ्यांकडं पाहत होते. मग म्हणाले, "पाणी दे, शिवम."

मी तांब्या आणला. ते सगळं पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "तिनं मले कधी विचारलंच नाही. आत या, पाणी घ्या... कधीच नाही."

मी सांगितलं, तुम्ही नाही म्हणाल म्हणून ती विचारत नव्हती.

"म्हटलंच असतं," ते म्हणाले. "दोन वर्षं म्हटलं असतं. मंग मी वाट पाहून राह्यलो होतो. का आज विचारीन, उद्या विचारीन."

तीन वर्षं. एका फाटकाच्या दोन बाजूंना दोघं उभे, अर्धा अर्धा तास, मक्यावर बोलत. आणि मी मधे पोती उतरवत होतो.

त्याला आता चार महिने झाले. मारोतराव दर रविवारी येतात. पावडर स्वतः कालवतात, कढईत बोट घालून पाहतात, नवीन पिलांचं पोट तपासतात. पाणी मागून घेतात. आई स्वयंपाकाला लागली की उठतात, दोन मिनिटं ओसरीच्या पायरीवर उभे राहतात आणि मग निघतात.

मी अजून त्यांना जेवायला बसा म्हटलेलं नाही.