काट्यावरून वाट

"कुणी हाय का दुकानात? खाजाभाई! अहो, चाक पार बसलं!"

दुकानात कुणीच नव्हतं. खाजाभाई दिवस कलल्यावरच्या, असरच्या नमाजाला गेलेला. गोणपाटाच्या पडद्याआड त्याची लेक नूरुन्निसा गप बसली होती. बसायलाच पाहिजे होतं, परक्या गड्याशी बोलायची रीत न्हाय. पण त्या गड्यानं आपल्या हातानंच पंप लावला आन् लागला हवा मारायला. फुस् फुस्... हवा भरायची आन् भसाभसा निघून जायची. तरी पठ्ठ्या थांबंना. नूरच्या डोक्यात तिडीक गेली.

"फुटक्या घागरीत पाणी भरताय व्हय? चाक काढा आन् हिकडं सरकवा!"

पंप थांबला.

"कोण बोललं?"

"पडदा बोलला. सरकवा म्हणलं ना!"

चाक पडद्याखालनं आत आलं. तसं परंड्यात समदे म्हणायचे, खाजाभाईसारखं पंक्चर कुणी काढत न्हाय. खरं तर मोतीबिंदूनं खाजाभाईला धड हवा भरायचा वॉलसुद्धा दिसत नव्हता. चाक आत जायचं आन् बरं होऊन बाहेर यायचं. आत कोण हाय, हे बाप-लेकीबिगर कुणालाच ठावं नव्हतं. आता ह्याला कळलं.

नूरनं टायरवरनं बोट फिरवलं. एक काटा उपसला, खाचेतनं एक कपचा काढला.

"सोनारीला गेलता न्हवं?"

बाहेर गडी चपापला. "तुमाला... कुणी सांगितलं?"

"काटा बाभळीचा, आन् ह्यो कपचा नारळाच्या करवंटीचा. देवळापुढंच फोडत्यात नारळ. माकडं बघायला थांबला असाल."

"थांबलो," तो हळूच म्हणाला. "एका माकडानं माजी टोपी नेली."

नूरला हसू आलं. तिनं ते ओढणीत दाबलं... पण पडदा हलला.

"काम काय काढलं होतं सोनारीला?"

"काम? काय न्हाय. बघायला गेलतो."

"काय बघायला?"

"माळ."

असलं उत्तर नूरनं जलमात ऐकलं नव्हतं. लोक सायकल नेतात कचेरीला, बाजाराला, मयतीला. नुसता माळ बघायला?

"मी आयुब. शिलाईचं काम करतो," तो सांगू लागला. "आठवडाभर मशीनचं पायडल मारतो आन् जागचा हलत न्हाय. मग जुम्म्याच्या सुट्टीला वाटतं, एकदा तरी असं पायडल मारावं... की माळ मागं सरावा."

नूर घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होती. एक बुडबुडा वर आला, फुटला. तिचं लक्षच नव्हतं.

मग दर जुम्म्याला तेच चालू झालं. आयुब सकाळी सायकल घेऊन माळावर जायचा आन् खाजाभाई असरला गेला की चाक घेऊन हजर. कवा पंक्चर असायचं, कवा नसायचं.

"चाक तर धड हाय की!"

"असं? मग... नीट बघा ना जरा. वेळ लागू द्या."

ती टायर बघून वाट सांगायची, तो वाटेवर काय दिसलं ते सांगायचा. चिकट काळी माती असली की ती म्हणायची, सीना नदीकडं उतरला होता. टायरच्या बाजूला कुसळं रुतली असली की भूमचा माळ. आन् मग आयुब सुरू...

"काय सांगू! भूमच्या वाटंला तरवड अशी फुललीय, जसा कुणी माळभर पिवळा दुपट्टा वाळत घातलाय. गवत वाऱ्यानं एका अंगावर झोपतं आन् परत उठतं. सायकल त्यातनं होडीवानी जाते. आन् माळढोक दिसला! असा ऐटीत चालत होता, जणू तालुकदारसाहेब शिवार बघायला आलेत."

"आन् तुमी?"

"मी सायकल आडवी केली आन् सलाम ठोकला."

"येडेच हाव तुमी."

"समदं परंडं म्हणतं. पर तुमी म्हणलं की... बरं वाटतं."

नूरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तिकडं दुनियेची मोठी लढाई चालू होती, नवं टायर कुठं बघायला मिळत नव्हतं. जुन्यालाच ठिगळावर ठिगळ. "ह्या टायरला माज्या गिऱ्हाइकाच्या झब्ब्याहून जास्त ठिगळं हायेत," आयुब म्हणायचा. "पर शिवण तुमची माज्याहून बारीक." अशी तारीफ नूरची कुणी केली नव्हती. चाकाच्या तारांत तो कायबाय खोचून आणायचा. कवा तरवडाचं फूल, कवा पिकल्या बोरांची डहाळी, कवा मोराचं पीस. त्यानं तिचं तोंड बघितलं नव्हतं, नुसती बोटं, चाक बाहेर सरकवताना दिसायची तेवढी. ईदच्या जुम्म्याला तो म्हणाला,

"मेंदी रंगलीय की लई..."

"ती मेंदी न्हाय. चेनीचं काळं तेल हाय."

"तरी रंगलीय."

गोणपाटाला एक भोक होतं. त्यातनं नूर त्याला बघून घ्यायची. सुईनं टोचलेली बोटं, बाहीला चिकटलेला दोरा, आन् लांबचं काहीतरी दिसल्यावानी चमकणारे डोळे. ते डोळे बघून तिला वाटायचं... आपणबी एकदा ती वाट बघावी. काट्यावरनं न्हाय, डोळ्यानं.

आन् मग कुरडूवाडीचं स्थळ आलं. रेल्वेतला मुलगा, पक्की नोकरी. खाजाभाई खूश झाला. "येता जुम्मा सोडून पुढल्याला जबाब द्यायचाय, बेटा," म्हणाला. वरनं हेबी बोलला, "त्या आयुबचंबी जमतंय म्हणं. वाशीला त्याच्या खालाची, म्हंजी मावशीची पोरगी हाय, सकिनाबीची. आई-बाप न्हायत त्याला, खालाच बघणार."

मधल्या जुम्म्याला आयुब आला तेव्हा नूरनं चाकावर नजर ठेवूनच सांगितलं.

"पुढल्या जुम्म्याला अब्बा कुरडूवाडीला जबाब देणार हायेत... माज्या लग्नाचा."

बाहेरनं तो म्हणाला, "असं?" आन् चाक घेऊन गेला. एवढंच! नूरनं घमेल्याला अशी लाथ हाणली की पाणी चुलीपतुर गेलं.

पुढल्या जुम्म्याला तिसऱ्या प्रहरी आयुब सायकल दुकानापुढं टेकवून, घाम पुसत, न बोलताच धावत निघून गेला. खाजाभाईनं मागलं चाक आत सरकवलं. "बेटा, ह्ये बघ. पार वाट लागलीय."

नूरनं बघितलं. टायरला लाल मुरूम. असला मुरूम वाशीकडच्या चढणीलाच. मग ट्यूब काढली... शेजारी-शेजारी दोन चिरा. काट्यानं असं होत न्हाय. मागं ओझं असलं आन् चाक दगडावर आपटलं, की रिम ट्यूबला चावते. म्हंजी मागं कुणीतरी बसलं होतं. आन् तारेत अडकला होता हिरव्या बांगडीचा तुकडा.

आता काय राहिलं कळायचं? वाशीची पोरगी. मागं बसवून आणली. तोच माळ, तीच तरवड तिला दाखवत आणली! माळढोकाला सलाम पण ठोकला असंल दोघांनी मिळून!

डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं काळ्या तेलाच्या हातानंच पुसलं. चकती लावायची तर दूर, ट्यूब भिंतीवर भिरकावली.

"अब्बा! कुरडूवाडीला हो म्हणा! आत्ताच्या आत्ता!"

खाजाभाई काय बोलणार, एवढ्यात दारातनं आवाज आला.

"या अल्ला... कुणी पाट द्या गं बसायला! न्हाय न्हाय, पाट नको. बसवतच न्हाय मला आता!"

नवा बुरखा घातलेली एक जाडजूड बाई कमरेला हात लावून उभी होती. मागं आयुब, मान खाली घालून.

"मी सकिनाबी. वाशीची. ह्या पोराची खाला," ती कण्हत म्हणाली. "काल सांच्याला आला आन् म्हणाला, खाला, चल. कुठं? तर परंड्याला. मोटार कवा हाय? म्हणाला, मोटारीची वाट बघत बसलो तर जुम्मा जाईल. बसवली मला मागं! दर खड्ड्याला म्या कलमा म्हणलाय. बांगड्या फुटल्या. वर हा मला म्हणतो, खाला, तरवड बघ, तरवड! आता ह्याच्या घरी तोंड धुऊन, कपडे बदलून आले. तशा अवतारात पैगाम आणायचा का कुणी?"

"कसला पैगाम?" खाजाभाईला काही उमगंना.

"तुमच्या पोरीला मागणी घालायचा, भाईजान! ह्याला आई न्हाय. पैगाम बाईमाणसानंच आणायचा. म्हणून तर माजी हाडं मोडली ह्यानं!"

"आन् वाशीची पोरगी?" पडद्याआडनं एकदम नूर ओरडली.

"कंची? माजी? तिला दोन लेकरं हायेत, बाई!"

खाजाभाई आपल्या धुरकट डोळ्यांनी पडद्याकडं बघत बसला. मग हसला. "आत्ताच कुणीतरी म्हणत होतं, कुरडूवाडीला हो म्हणा..."

"अब्बा, गप बसा ना!"

सकिनाबी कमर धरत पडद्याआड शिरली, नूरची हनुवटी वर केली. गालावर काळं तेल, डोळे लाल. "चांद तर हाय," म्हणाली, "जरा काजळी लागलीय."

बाहेर आयुब चुळबुळ करत होता. नूर पडद्याजवळ आली.

"मला सांगून जायला काय झालं होतं?"

"वाटलं... तुमी टायर बघून वळखाल."

"वळखलं! समदं वळखलं. मुरूम, ओझं, बांगडी."

"मग?"

"माणूस तेवढं चुकलं. आन् टायरवर न्हाय दिसत, ते तोंडानं बोलावं लागतं."

तो गोणपाटाच्या भोकाशी वाकला. "मी माळ बघायला जायचो... पर परत यायची घाई का व्हायची, ते मला लई उशिरा कळलं. तुमच्याबिगर ती वाट आता अर्धीच दिसती."

आतनं बोटं पडद्याखालनं बाहेर आली, काळ्या तेलाची. त्यांत बांगडीचा हिरवा तुकडा होता. आयुबनं तो घेतला... आन् बोटं लगेच सोडली न्हायत.

निकाहानंतरच्या पहिल्याच जुम्म्याला, पहाटेची फजर झाल्यावर, दोघं सोनारीच्या वाटेला लागले. गाव मागं पडलं तशी नूर कॅरिअरवरनं उतरली, बुरखा वर सारला आन् म्हणाली, "तुमी मागं बसा."

दोनदा पडली, एकदा आयुबला बाभळीवर घेऊन गेली. पण मग सायकल चालली. उन्हाची तिरीप कुसळांवर आली, सगळा माळ सोन्यावानी हलला. नूर बघतच राहिली. बघता बघता... फुस्स!

दोघं खाली उतरले. नूर वाटेतच मांडी घालून बसली, टायरवरनं बोट फिरवलं आन् काटा उपसला.

"कुठला हाय?" आयुबनं विचारलं.

नूरनं मान वर केली. समोर बाभळ, पिवळी तरवड, आन् लांब सोनारीच्या देवळाचं शिखर. तिनं काटा हळूच आपल्या ओढणीत टोचून ठेवला.

"इथला," ती म्हणाली.